कोणाचीही चूक मान्य न करता

विमा कंपनीतली नोकरी मुदतीआधी सोडून मी जयपुरात मध्यस्थ झालो, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, घरातलं दोघांचं मिटत नाही तुमच्याकडून, आणि लोकांचं मिटवणार?"

तिचं बरोबर होतं. पण परक्यांच्या भांडणात मला विलक्षण गोडी. कोर्टाची पायरी न चढता दोन्ही बाजू समोरासमोर बसतात, मधे मी, टेबलावर चहा आणि भुजिया. नाटकच ते, आणि सूत्रधार मी! गोपालपुऱ्यात हॉस्टेलवाला आणि एक पालक जेवणातल्या अळ्यांवरून हमरीतुमरीवर आले होते, मिटवलं. रंग उतरलेल्या चादरींवरून छपाईवाला आणि व्यापारी एकमेकांच्या सात पिढ्या काढत होते, मिटवलं. एका दवाखान्याचंही मिटवलं. धंदा कुठलाही असो, माझ्याकडे एक रामबाण वाक्य होतं: 'कोणाचीही चूक मान्य न करता'. तडजोडीच्या कागदावर ते पहिल्याच ओळीत घातलं की दोन्हीकडचे खांदे सैल पडत. भटजी संकल्प सांगतात तसं मी ते खड्या आवाजात वाचायचो.

मग सांगानेरच्या एका कागद कारखान्यातलं प्रकरण आलं. ओळखीच्या खुणा पुसून सांगतोय.

कामगार चाळिशीचा. त्याचं काम वाळवणाच्या शेडमध्ये, ओले कागद दोरीवर टाकायचं. एक दिवस कटिंग मशीनवरचा माणूस आला नाही, म्हणून याला तिथे उभं केलं. त्या मशीनचं पेडल पायाने दाबलं की पातं खाली येतं. हा गठ्ठा सरळ करत होता, पातं आलं आणि उजव्या हाताची चार बोटं गेली. पाय पडला असेल पेडलवर, असं कारखान्यात सगळे म्हणाले.

भरपाईवर त्याने घासाघीस केलीच नाही. मीच डिवचलं, "अहो भैया, मागा की! इथे लाजणारा उपाशी राहतो."

"ते शेठजी देतील तेवढं देतील, साहबजी. मला फक्त एवढं कळू दे, पाय माझाच पडला होता का? मला आठवत नाही. रोज आठवायला बसतो. बायको म्हणते, स्वतःच्या पायाने स्वतःचा हात तोडलास."

आमच्या कामात दोन्ही बाजूंशी वेगवेगळंही बोलायचं असतं. बंद दाराआड एकाने सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही, हा नियम. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही ही सगळ्या नातेवाइकांत कीर्ती. पण हा नियम मी कधी मोडला नव्हता.

शेठजींनी दार लावलं, खुर्चीत बसले आणि एकदम रडू लागले. "भाईसाहब, ब्रेक झिजला होता. त्या आठवड्यात पातं दोनदा आपसूक पडलं होतं. मिस्त्रीने सांगितलं होतं मला. मी म्हटलं, ही ऑर्डर जाऊ दे, मग बघू."

"त्याला हे सांगितलं होतं?"

"तो तर शेडमधला माणूस. त्याला कोण सांगणार?"

मी हात जोडले. "लिहू नका कुठे. मला एकदा तोंडाने सांगू द्या त्याला."

"आज ऐकेल, उद्या पोलिसांत जाईल. मी त्याला जन्मभर गेटवर बसवतो, मुलीला शिकवतो, तुम्ही म्हणाल ते करतो. हे नाही."

मी उठून जाऊ शकलो असतो. मग प्रकरण कोर्टात गेलं असतं आणि एका हाताचा माणूस वर्षानुवर्षं तारखांना फिरला असता. म्हणून थांबलो, असं मी स्वतःला सांगितलं. शिवाय माझं एकही प्रकरण तोवर मोडलं नव्हतं, हेही होतंच.

कागद तयार झाला. मी वाचायला घेतला आणि सवयीने आवाज लागला: "कोणाचीही चूक मान्य न करता..."

"थांबा," कामगार म्हणाला. "म्हणजे शेठजींची चूक नाही?"

"तसं लिहिलंय."

"आणि माझी?"

"तुमचीही नाही."

"मग बोटं कशी गेली?"

शेठजींनी चहाचा कप उचलला. मला कुठल्याही प्रसंगाला चुटका सुचतो, अगदी मयताच्या घरीसुद्धा. त्या दिवशी मी टेबलावरचा कागद सरळ केला. मी म्हटलं, "मशीनचं काय सांगावं."

त्याने समजल्यासारखी मान हलवली. "तुम्ही भले माणूस आहात, साहबजी. मला वाईट वाटेल म्हणून तुम्ही खरं सांगत नाही. म्हणजे पाय माझाच."

डाव्या हाताने, जीभ दातांत धरून, त्याने सही केली. मग उठला, शेठजींपुढे वाकला आणि म्हणाला, "माझ्यामुळे त्या दिवशी तुमचं काम अडलं. माफ करा."

"असू दे," शेठजी म्हणाले.