चुंबक, पडदा आणि देवीचं पाणी

पाणी गाळायच्या धंद्यात गाळापेक्षा किस्सेच जास्त साचतात. रेवसजवळच्या एका गावात आम्ही अख्खा उन्हाळा काढला. माझी झोप उडाली आणि हे एवढे किस्से हाताशी उरले.

गावातल्या विहिरीचं पाणी मचूळ. ते मेम्ब्रेनमधून, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळायचं. पडदा तुंबू नये म्हणून आधी पाण्यात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण सोडायचे. घाण त्यांना चिकटते, मग चुंबकाने सगळं बाजूला ओढायचं. मला भीती एकच होती: एखादा चुकार कण पडद्यापलीकडे गेला, तर तो थेट लोकांच्या पोटात जाणार.

*

पहिल्या दिवशी मी टाकीत कणांचं काळंकुट्ट पाणी ओतलं. सरपंच शेजारी उभे होते. म्हणाले, "सर, आधीचं बरं होतं की."

*

मासे कापणाऱ्या जनाकाकींची कोयती चुंबकाला चिकटली. सोडवायला दोघे लागलो. घाबरून मी 'लांब राहा' अशी पाटी लावली. दुसऱ्या दिवशी तिथे बायकांची रांग! कोणाची सुरी, कोणाची विळी.

काकी म्हणाल्या, "लावून बघ ना. दुकानदारानं खरं लोखंड दिलंय का न्हाय?"

*

एकदा स्वच्छ पाण्याच्या बादलीत काळे कण दिसले. मी लगेच पंप बंद केला, आमच्या प्रमुख मॅडमना फोन लावला. त्या मिळेल ती लाँच पकडून मुंबईहून आल्या. बादलीत चुंबक फिरवला. एकही कण चिकटेना.

तेवढ्यात जनाकाकींनी तोंडाला पदर लावला. "माझी मिसरी सांडली व्हय त्यात."

मॅडम हसल्या नाहीत.

*

शेवटी पाणी तपासायला पाठवलं. मॅडमनी गावाला बजावलं, "रिपोर्ट येईपर्यंत थेंबही प्यायचा नाही." सरपंचांनी शब्द दिला.

आणि प्यायलं नाहीच कोणी. फक्त रिवाजाप्रमाणे नव्या पाण्याचा पहिला हंडा देवीला गेला. आम्हालाही देवळात बोलावलं. गुरवाने अभिषेक केला, मूर्तीवरून आलेलं पाणी तांब्यात धरलं आणि पळीने एकेकाच्या तळहातावर घातलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"सरपंच, हे तेच पाणी आहे."

"पाणी कसलं? तीर्थ हाय."

पण तोंडाला कोणी लावेना. सगळे तळहातावर तीर्थ धरून मॅडमकडे बघत उभे. काकींनी नातीचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

काकी म्हणाल्या, "मॅडम, तुमी घेतलंत की आमी घेऊ."

मॅडमनी तीर्थ घेतलं. ओला हात डोक्यावरून फिरवला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "रिपोर्ट कधी येणार म्हणालास?"