काकूच्या विमानात काका

आमच्या विमानतळावर त्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेशी त्यांचा संबंध आठवीत तुटला, तोही शाळेच्या आग्रहाने. पण पळत्या पट्ट्यावरच्या बॅगेचा टॅग चष्म्याशिवाय वाचणारा माणूस म्हणून बॅगांच्या शेडमध्ये त्यांना मास्तरकी मिळाली ती सव्वीस वर्षं टिकली. घरी लाइटबिल वाचायला मात्र चष्मा लागतो, असं त्यांची बायको सांगते. ती खोटं बोलणारी बाई नाही, फक्त जास्त बोलणारी आहे.

टॅगवर प्रत्येक शहराची तीन इंग्रजी अक्षरं असतात. मास्तरांनी त्या अक्षरांना नाती चिकटवली. एक शहर आत्या, एक मामी, एक साडू. "साडूच्या दोन राहिल्या रे!" "आत्याला हळू ठेव, काचसामान आहे!" नवा माणूस आठवडाभर भांबावतो, मग त्यालाही कळतं की आत्या सकाळी सातला निघते आणि मामीला कायम उशीर होतो.

यंदा कंपनीने एकदम आठ परदेशी शहरं धरली. कंपनीचे मोठे तळ दोन, एक आमचा आणि एक लांबचा. तिकडचे प्रवासी इथे येऊन विमान बदलणार, इथले तिकडे जाऊन. बॅगांचा नुसता पूर. साहजिकच परदेशी विभागाला नवा मुकादम हवा होता.

मुकादम उचलत नाही, हातात यादी घेऊन फिरतो. मास्तरांचा जीव अडकला होता तो इथेच. त्यांचे गुडघे हल्ली जिना चढताना त्यांच्याआधी बोलतात. "उचलणं तरी सोडा, नाहीतर नोकरी तरी सोडा," असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे मुकादमकी, नाहीतर घर. आणि दिवसभर घरी बसायचं म्हणजे काय, ते वर बायकोविषयी लिहिलंच आहे.

नव्या मॅडम कडक. "पंधरा दिवस काम बघते," त्या म्हणाल्या. "घोळ झाला तर बाहेरून माणूस आणीन."

मास्तरांनी नव्या आठ शहरांचं बारसं एका दुपारात उरकलं. के-के-ए झालं काकू, के-ए-के झालं काका. आठ दिवस कुणाच्या बॅगेला खरचटलंसुद्धा नाही.

नवव्या दिवशी लांबच्या तळावरच्या मुकादमाचा फोन आला. त्यांना सगळे दादा म्हणतात.

"मास्तर, आमचं विमान उशिरा पोचतंय. काकूच्या चाळीस बॅगा दारापाशीच ठेवल्यात. पट्ट्यावर घालत बसू नका, थेट काकूत टाका."

"टाकतो की. काकू उभीच आहे."

तीसेक बॅगा आत गेल्या असतील. एकीचा पट्टा तुटला, ती घसरून खाली आली. मास्तर "आई गं" करत वाकले आणि टॅग नाकासमोर आला. के-ए-के. त्यांनी दुसरी बघितली, तिसरी बघितली. मग तिथेच मटकन बसले. बारसं दादांनीही केलं होतं हो, तिकडे, आपलं आपण! आणि आमचे काका तीच त्यांची काकू.

पण माणूस बसला तो वॉकीटॉकी हातात घेऊन.

"काकूला थांबवा! दार लावू नका! काका आत गेलेत, आधी काकांना बाहेर काढा!"

हे वर मॅडमनीही ऐकलं. पाच मिनिटांत चाकाची खुर्ची आली, डॉक्टर आले, मागून पाण्याची बाटली घेऊन एक मुलगी धावत आली.

"पेशंट कुठाय?"

"कोण पेशंट?"

"अहो, काका!"

मास्तरांनी खाली उतरणाऱ्या बॅगांकडे बोट दाखवलं. आता डॉक्टर आलेच होते, तर त्यांनी जाता जाता मास्तरांचा गुडघा दाबून बघितला, आणि एवढ्या धावपळीत कुणीतरी पेशंटसारखं ओरडलं ते तेव्हाच.

काकू बारा मिनिटं उशिरा उडाली. बॅगा सगळ्या आपापल्या विमानात गेल्या. मास्तर मात्र मॅडमच्या खोलीत गेले.

"चूक पकडली तुम्हीच," मॅडम म्हणाल्या, "पण नावं ठेवायचा उद्योगही तुमचाच. दोन्ही तळांची यादी एकच हवी, आत्ता. जमलं तर तुम्ही मुकादम. नाही जमलं तर बाहेरचा माणूस." आणि त्यांनी दादांना फोन लावून स्पीकर चालू केला.

"काकू आमचीच खरी!" तिकडून दादा.

"कशी? दोन के शेजारी आले की काकू. सरळ आहे."

"सरळ तुमच्या घरी! इथे चाळीस माणसांच्या तोंडात बसलीय ती. मी नाही बदलणार."

दादा मोडतील पण वाकणार नाहीत, हे दोन्ही तळांवर पोरासोरांना माहीत आहे. मास्तर छताकडे बघत राहिले. मॅडम घड्याळाकडे.

"घ्या दादा," मास्तर शेवटी म्हणाले. "काकू तुमची."

दादांचा आवाज एकदम उतरला. मग जरा ओशाळून, "मनापासून ना?"

"मनापासून कोण देतं? घ्या म्हटलं ना!"

मॅडमनी तोंड खिडकीकडे फिरवलं. खांदे हलत होते, असं शिपाई सांगतो.

दुसऱ्या दिवशी यादी भिंतीवर लागली आणि मास्तर मुकादम झाले. पण शेडमधली पोरं मास्तरांच्या बायकोलाही काकूच म्हणतात, आणि असली बातमी पोटात ठेवतील तर ती पोरं कसली! मास्तर घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

"मुकादमकीसाठी काकू देऊन टाकलीत म्हणे, दादांना."

"अगं, विमानाचं चाललं होतं!"

"ते कळलं हो. विचार करायला किती वेळ लागला, तेवढं सांगा."

मास्तर भोळे. म्हणाले, "लागली असतील पाच मिनिटं."

ती तोंडाने एवढी सैल बाई, पण दोन दिवस गप्प होती. पाच मिनिटं फार झाली म्हणून की फारच कमी पडली म्हणून, हे मुकादमांना अजून विचारायचं धाडस झालेलं नाही.