आईचा खांदा आणि दादाचा प्लॅन

"आमच्या सईनं माझ्या विम्याचं सगळं अगदी अमेरिकेसारखं लावून दिलंय," आई स्वयंपाकघरात सांगत होती. "सुरुवातीचा खर्च आपला, मग कंपनीचा. म्हणून तर खांद्याचं जरा थांबवलंय."

"नशीब काढलंस," शेजारच्या काकू म्हणाल्या. "आमच्या बयेला स्वतःचा फोन चार्ज करायचं भान नाही!"

मी नुकतीच ऑफिसातून आले होते. पॅसेजमध्येच थांबले. आता जे सांगतेय ते मी तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं — मैत्रिणींनाही नाही.

दादा अमेरिकेत असतो. त्याचा विमा जास्त डिडक्टिबलचा — म्हणजे हप्ता कमी, पण वर्षातला सुरुवातीचा मोठा खर्च स्वतः करायचा. असा विमा घेतला की तिथे आरोग्यासाठी वेगळं बचत खातं उघडता येतं. त्यात टाकलेल्या पैशांवर कर नाही, वाढीवर नाही, उपचारांसाठी काढले तरी नाही. "टच करायचं नाही, वाढू द्यायचं," तो व्हिडिओ कॉलवर सांगायचा.

आम्ही इकडे आखातात; बाबांचा हमरिया बंदरात मसाल्यांचा छोटा व्यापार. आईचा विमा तेच काढतात. एका शुक्रवारी जेवताना मी सुचवलं — आईसाठी असंच करूया? मी जेवताना फारशी बोलत नाही, आणि बोललेच तर इंग्रजीत. त्या दिवशी अडखळत का होईना, मराठीत बोलले. बाबा आईला म्हणाले, "बघ, बोलते कमी, पण नेमकं बोलते." हे वाक्य मी किती दिवस मनात घोळवलं असेल?

विमा बदलला. ते खास खातं कुठे उघडायचं म्हणून मी विम्याच्या एजंटबाईंना फोन केला. त्या हसल्याच. "अरे मॅडम, यहाँ इनकम टैक्स ही नहीं है, तो बचाओगे क्या?" मग म्हणाल्या, जुना प्लॅन परत हवा असेल तर या आठवड्यात सांगा.

मी थँक यू म्हणाले. घरी सांगितलं — खातं उघडलं, ऑल सेट. होतं ते माझ्याच नावाचं साधं बचत खातं.

का केलं? कोण रागावणार होतं? बाबा फार तर "असू दे" म्हणाले असते. पण तेच — तेच मला ऐकायचं नव्हतं.

मग आईचा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली. ती दोनदा गेली, पैसे खिशातून जाताना पाहिले आणि थांबली. खात्याला हात लावेना — ते वाढतंय ना! ती डाव्या हातानं केस विंचरू लागली. वरच्या फळीवरचे डबे खाली आले. मी सगळं पाहत होते. पाहणं मला छान जमतं. आता डॉक्टर म्हणतात, हात पूर्ण वर जाईलच असं नाही.

काकू जाईपर्यंत थांबता आलं असतं. पण मी अशीच थांबत आलेय — नाही का? मी आत गेले.

"आई, इथे त्या प्लॅनचा काहीच फायदा नाही. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. जुना परत घेता आला असता. मी गप्प बसले — बाबांनी माझं कौतुक केलं होतं म्हणून."