दादांचा सत्कार

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत सीमेवरच्या त्यांच्या चौकीवर पहाटे हल्ला झाला, तेव्हा ते खंदकात होते. त्या हल्ल्यातून वाचलेले आमच्या भागातले तिघं-चौघं दर डिसेंबरात त्याच तारखेला एकमेकांकडे जमायचे, कधी आमच्याकडे, कधी राजूरला. लढाईचा विषय फारसा निघायचाच नाही. ऊस, गुडघेदुखी, सुनांचे स्वभाव, असंच बोलणं चालायचं. मग एकेक करून सगळे गेले आणि दादा एकटे उरले.

गेल्या डिसेंबरात राहात्यातल्या एका मंडळानं त्या हल्ल्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम ठेवला. दादांचा सत्कार करायचा होता. निमंत्रण द्यायला कार्यकर्ते घरी आले, तेव्हा दादा आधी नको म्हणाले. त्यांना लघवी धरून ठेवता येत नाही. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. आई गेल्यावर चादरी मी धुवायला लागले तेव्हा कळलं. पण कार्यक्रमाच्या सकाळी पाहिलं तर ते दाढी करून, कोटाला पदकं लावून तयार बसले होते. चहासुद्धा घेतला नव्हता.

मंडळींनी त्यांना व्यासपीठावर नेऊन बसवलं. मी खाली बायकांच्या खुर्च्यांत बसले. प्रमुख पाहुण्यांना यायला फार उशीर झाला. तोवर शाळेच्या मुलांनी होती ती सगळी गाणी म्हटली, काही दोनदा. पाहुणे आल्यावर भाषणं सुरू झाली. दादांनी शत्रूला कशी धूळ चारली, हे निवेदक जणू स्वतः तिथं हजर असल्यासारखं सांगत होता. दादांचे हात गुडघ्यांवर घट्ट दाबलेले होते. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी उठून व्यासपीठाच्या पायऱ्यांपर्यंत गेले, पण तिथल्या कार्यकर्त्यानं मला अडवलं. "ताई, पाच मिनिटं. आता त्यांचंच नाव घेणार आहेत," तो म्हणाला. एवढ्या लोकांत कारण काय सांगणार?

नाव पुकारलं. दादा उठले नाहीत. पुन्हा पुकारलं, टाळ्या वाजल्या. थकलेत असं समजून दोघांनी त्यांना आदरानं दंडाला धरून उभं केलं. त्यांची फिकट रंगाची पँट पुढून पार खालपर्यंत भिजलेली होती. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. पाहुण्यांनी घाईघाईनं शाल खांद्यावर न घालता पुढून गुंडाळली. टाळ्या थोडा वेळ चालू राहिल्या आणि विरत गेल्या. कोणी हसलं नाही. हसलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

रिक्षात दादा बाहेर बघत राहिले. घरी आल्यावर मी मोरीत स्टूल ठेवलं, पाणी गरम करून आणलं आणि त्यांच्या पायांवर ओतत बसले. तेव्हा ते बोलले.

"खंदकात माझ्या शेजारी एक पोरगा हुता. नवाच भरती झालेला. तोफगोळे पडाया लागले आन् त्याची पँट भिजली. माझी माफी मागत हुता. मी हसलो त्याला."

मी विचारलं, मग?

"मग काय. उजाडायच्या आत गेला."

तुम्हीही तेव्हा लहानच होता, घाबरला असाल, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

"भ्यालो न्हवतो. म्हनून तर हसलो."

इतकी वर्षं दरसाल मित्र जमत होते, पण हे दादांनी त्यांनाही सांगितलं नव्हतं. त्या मुलाच्या घरचं कोणी असेल, आपण शोधू, भेटून येऊ, असं मी सुचवलं. दादांनी टॉवेल मागून घेतला, स्वतःचे पाय स्वतः पुसले.

"आन् काय सांगू त्यांना?" ते म्हणाले.

मी त्यांची पँट बादलीत भिजत घातली.

तेव्हापासून ते उंबऱ्याबाहेर पडलेले नाहीत. रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळातसुद्धा येत नाहीत. पाळकसाहेबच अधूनमधून घरी येऊन प्रार्थना करतात, दादा डोळे मिटून ऐकून घेतात. पाणी मोजकंच पितात. डॉक्टर रागावतात, मी रागावते, ते पेला हातात घेतात आणि माझी पाठ वळली की तसाच खाली ठेवतात.