दिवळीतली गोळी

चाकूरला माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. दुकान म्हटलं की बाकडं आलं, बाकडं म्हटलं की बसणारे आले, आणि बसणारे आले की किस्से. बियाणं हंगामाला संपतं, किस्से संपत नाहीत. झाडू मारला की पोत्याखालून सांडलेले दाणे निघतात, तसे निघत राहतात. आमच्या बाकड्यावरचे निम्मे किस्से दिगंबर अण्णांचे. सांगायला घेतो तेव्हा हसूनच घेतो. शेवटपर्यंत हसू टिकत नाही, हा भाग वेगळा.

अण्णांकडे आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे. नळीला आतून पिळाचे आटे, म्हणजे गोळी फिरत, सरळ जावी म्हणून. लायसन पिकाच्या राखणीचं. एका सकाळी उसात रानडुक्कर अण्णांच्या धाकट्या भावावर, किशनवर धावून आलं. बांधावर अण्णा बंदूक घेऊन उभे होते. त्यांनी गोळी झाडली. ती लागली नाही. डुकरानं किशनला फाडलं, लातूरच्या दवाखान्यात त्यानं जीव सोडला.

"शिसं खराब होतं," अण्णा तेव्हापासून सांगत आले. "जुन्या बॅटरीचं. गोळी वाकडी गेली, अन् गेली ती बी उशिरा."

म्हणून त्यांना वेगानं जाणारी आणि सरळ जाणारी गोळी ओतायची होती. डुकरं नंतरही आली. अण्णांनी एकावरही नेम धरला नाही. त्यांना फक्त तशी गोळी जमते का, ते बघायचं होतं.

*

शिसं आणायचं काम व्यंकटचं. हा एसटीचा रिटायर्ड ड्रायव्हर. तोंडानं फटकळ, खोटं बोलायची सवयच नाही. बायकोनं नवं लुगडं दाखवलं तरी "मागलं बरं होतं" म्हणणारा माणूस. टायरवाल्यांकडे चाकाला लावायची शिशाची वजनं पडलेली असतात, ती तो पिशवीभर घेऊन यायचा.

एकदा अण्णांनी ते शिसं वितळवायला घरातली वरणाची पळी घेतली. दुपारी आम्ही ओट्यावर जेवायला बसलो, तर आतून भांड्यांचा दणका सुरू झाला. आत किशनची बायको, सुमनवहिनी. अण्णांची बायको केव्हाच वारलेली, त्यामुळे घरात ही दोघंच. आणि अण्णा पडले भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे भासऱ्यासमोर बाई डोईवरचा पदर ढळू देत नाही आणि तोंडही उघडत नाही. सुमनवहिनींना अण्णांना काही सांगायचं असलं की त्या भांडी वाजवायच्या, नाहीतर पाहुण्याला सांगायच्या.

"भावजी," त्या आतून मला म्हणाल्या, "त्यान्ला सांगा, आज वरण वाटीनं वाढायलेव."

अण्णा समोरच बसलेले. ते मलाच म्हणाले, "बालाजी, आत सांग, नवी पळी आणतो म्हणून."

हातभर अंतरावर बसलेल्या दोन माणसांचा निरोप्या म्हणून मी बरीच वर्षं काढली. वरण आणि पळीचे निरोप पुष्कळ पोचवले. त्या सकाळबद्दलचा निरोप दोघांपैकी एकानंही कधी दिला नाही.

*

गोळीचं दुखणं घेऊन आम्ही उदगीरला मकबूलभाईंकडे जायचो. जुन्या बंदुका दुरुस्त करणारे आता तेवढेच राहिलेत. अडचण अशी की शिसं पडलं मऊ. बेतानं मारलं तर गोळी सरळ जाते, पण रमतगमत. जोर वाढवला की ती नळीतल्या आट्यांना जुमानत नाही, घसरत सुटते आणि बाहेर पडल्यावर जाईल तिकडे जाते. शिशात कथील घालून ती कडक करावी, तर तिचे आणखी वेगळे रुसवे.

मकबूलभाईंनी चष्म्यावरून अण्णांकडे बघितलं. "अण्णा, सीधी बी होना, जल्दी बी होना. दोनो कैकू होना? सूअर तो कबका चला गया."

अण्णा म्हणाले, "डुक्कर गेलं हो भाई. मी तितंच उभा हाय."

मकबूलभाईंनी चहा मागवला आणि गोळ्यांचा साचा हातात घेऊन घासायला बसले.

*

इलेक्शन लागलं की लायसनच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. बाकीचे लोक बंदूक टाकतात, पावती घेतात, घरी जातात. अण्णा रोज ठाण्यात. हातात तेलाची बाटली आणि फडकं. लेक सासरी नांदते का बघायला बाप जावा, तसे.

एक नवा शिपाई वैतागला. "आजोबा, एवढं काय हाय हिच्यात? किती जनावरं मारली हिनं?"

"एक बी न्हाई," अण्णा म्हणाले.

"मग?"

"म्हणूनच की."

शिपायाला काही कळलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्यानं अण्णांसाठी खुर्ची ठेवली.

*

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा. विळे, कुऱ्हाडी, माझ्या दुकानातला तराजू, व्यंकटच्या पोराची मोटारसायकल, सगळ्यांना हळदकुंकू. अण्णांच्या घरी बंदूक तेवढी भिंतीकडे तोंड करून उभी. तिला फूल नाही.

त्याच खोलीत देवाशेजारच्या दिवळीत, भिंतीतल्या कोनाड्यात, एक गोळी आहे. त्या दिवशी झाडलेल्या गोळीच्याच ओतातली, म्हणजे एकाच वेळी ओतलेल्या शिशातली, उरलेली एकच. मकबूलभाई एकदा म्हणाले होते, वितळवून टाकू, नाहीतर निदान तपासू तरी. अण्णांनी हात लावू दिला नाही.

"ती आरोपी हाय. आरोपीला कुणी वितळवत असतंय का?"

सुमनवहिनी रोज सकाळी दिवळी पुसायच्या. गोळी उचलायच्या, खालची धूळ झटकायच्या आणि होती तिथं परत ठेवायच्या. नवऱ्याचा जीव ज्या ओतानं घेतला म्हणतात, त्यातली गोळी ही बाई रोज हातात घेते कशी, असं मला वाटायचं. विचारायचं धाडस झालं नाही.

*

मध्यंतरी अण्णांना वाटलं, नव्या गोळ्या चुकतात त्या डोळ्यामुळं. मोतीबिंदू झालाच होता. लातूरला नेऊन ऑपरेशन केलं. पट्टी सुटली तेव्हा डॉक्टरांनी समोरची अक्षरं वाचायला लावली. अण्णांनी सगळ्यात खालची ओळसुद्धा घडाघडा वाचली. डॉक्टर खूष, आम्ही खूष. व्यंकट म्हणाला, "अण्णा, आता चुकलात तर निमित्त न्हाई बरं का."

घरी आलो. सुमनवहिनींनी दारात तुकडा ओवाळून टाकला आणि पदर ओढून आत गेल्या. अण्णा ओट्यावर बसले, बराच वेळ दाराकडे बघत राहिले.

मग मला हळूच म्हणाले, "बालाजी, किशनच्या मंडळीचे केस कधी पांढरे झाले रे?"

त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही.

*

आणि गेल्या हिवाळ्यात गोळी जमली. कथलाचं प्रमाण बसलं, मकबूलभाईंनी साचा नीट करून दिला, नळी आतून लख्ख झाली. उसाच्या रानात मातीच्या ढिगापुढं डांबराच्या पिंपाचं झाकण उभं केलं होतं. अण्णांनी झाडली. लगोलग झाकण वाजलं. पुन्हा झाडली, पुन्हा वाजलं. वेगानं आणि सरळ. भोकाला भोक लागून.

मी टाळ्या वाजवल्या. उदगीरहून मुद्दाम आलेल्या मकबूलभाईंनी वर बघून दुव्याला हात उचलले. अण्णा मात्र बांधावर बसले. मला वाटलं होतं, हा माणूस आज हसेल. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. जे मिळवायचं ते मिळालं, आणि किशन काही आला नाही.

तेवढ्यात व्यंकटचं तोंड सुटलं. "अण्णा, इतकी वर्षं नव्या गोळ्या तपासायलाव. ज्या गोळीवर आळ घेतलाव, ती तर कुणीच मारून बघितली न्हाई."

मी त्याला कोपरानं ढोसलं. पण बोललेलं थोडंच परत गिळता येतं?

अण्णा उठले आणि घराकडं गेले. परत आले तेव्हा मुठीत दिवळीतली गोळी होती.

*

झाकण बदललं. त्या दिवशी डुक्कर जिथं होतं, तिथंच नवं झाकण अण्णांनी स्वतःच्या हातानं रोवलं. बांधावरची उभं राहायची जागा त्यांना विचारावी लागली नाही. बाकी बांधावर तूर असायची, त्या जागेवर मात्र त्यांनी इतक्या वर्षांत काही पेरलं नव्हतं.

गोळी ठासली. मकबूलभाई पुटपुटले, "रैने दो अण्णा." अण्णांनी ऐकलं नाही. हात अगदी स्थिर होते. बार झाला. झाकण वाजलं का, ते बाराच्या दणक्यात कळलं नाही.

व्यंकट धावत गेला. धुरामुळं मला आधी काही दिसेना. व्यंकट झाकणासमोर पाठमोरा उभा राहिला, नको इतका वेळ. मग तिथूनच ओरडला, "चुकली, अण्णा! हातभर डावीकडं गेली!"

मी तोवर त्याच्या मागं पोचलो होतो. झाकणाच्या बरोब्बर मधोमध भोक होतं. त्यातून पलीकडची ओली माती दिसत होती. व्यंकटनं दोन्ही तळहात भोकावर ठेवले होते. जन्मात खोटं न बोललेला माणूस तो.

"बोल की," तो मला दबक्या आवाजात म्हणाला. "चुकली म्हण."

"चुकली, अण्णा," मीही ओरडलो.

अण्णा बांधावरून उतरले. सावकाश चालत आमच्यापर्यंत आले. त्यांनी व्यंकटचे हात धरले, एकेक करून बाजूला केले आणि नव्या डोळ्यांनी भोकाकडं बघितलं. व्यंकटच्या खांद्यावर एकदा थोपटलं. झाकण उपटून काखेत घेतलं आणि घराची वाट धरली. आम्ही तिघं मागं.

घरी ओट्यावर न थांबता ते थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले. सुमनवहिनी चुलीपुढं चहा करत होत्या. त्यांनी घाईनं पदर ओढला. अण्णांनी झाकण उंबऱ्यावर ठेवलं, त्याच्यासमोर खाली बसले आणि मला निरोप दिला नाही.

"सुमन," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. "गोळी सरळच होती, माय. त्या दिवशी माझा हात थरथरला."

चूल धुमसत होती. वहिनींनी झाकणाकडं बघितलं. मग डोईवरचा पदर मागं सारला, पांढऱ्या केसांवरून हात फिरवला आणि चहाची कपबशी स्वतः उचलून अण्णांच्या हातात दिली.

"मला तवाच ठावं होतं, दादा," त्या म्हणाल्या. "घ्या, निवायलाय."