नोकायाची दुसरी गाठ

आमच्या रानात गोरिलाला बोबो म्हणतात आणि चिंपांझीला सेको. दोघांची विष्ठा नुसत्या वासावरून ओळखणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. त्यांत नोकायाचं नाक सगळ्यांत तीक्ष्ण, याबद्दल दुमत नाही.

साठी ओलांडलेली, रानातल्या बाका जमातीची ही बाई उजाडताच निघे. जनावरं रात्रीचं घरटं सोडून गेली की तिथली विष्ठा काडीने नळीत भरायची आणि नळीला वेलीचा धागा बांधायचा. बोबोला एक गाठ, सेकोला दोन. अक्षरओळख नव्हती तिला. संशोधनाच्या तळावरची माणसं गाठी पाहून कागदावर नाव लिहीत. आठ वर्षांत एक गाठ चुकली नव्हती. नणंद टोमणा मारायची, "आमच्या घराण्यात मध काढणाऱ्या बायका आल्या, हत्तीच्या मागावर जाणाऱ्या आल्या. गू वेचणारी ही पहिलीच." नोकाया हसून सोडून देई. या जनावरांनाही हिवतापाचे जंतू असतात, पण त्यांना सुई कोण टोचणार, म्हणून विष्ठेतून जंतूंचा माग काढायचा, असं हे संशोधन चालवणाऱ्या डॉक्टर न्गोनोबाईंनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माग काढायचा म्हटल्यावर तिला आणखी समजावण्याची गरज पडली नाही.

यंदा राजधानी याउंदेहून आतेबा नावाचा नवा तळप्रमुख आला. हुशार, पण घाईचा. एके सकाळी तो तिच्याबरोबर रानात गेला, आणि नोकायाने जमिनीवरच्या घरट्यातली विष्ठा भरून दोन गाठी मारल्या.

"आजी, सेको झाडावर झोपतात," आतेबा म्हणाला. "जमिनीवरचं घरटं बोबोचं. पुस्तकात आहे तसं."

"पुस्तकाला वास येतो का, साहेब?"

बरोबरचे गडी हसले आणि तिथेच बिनसलं. तळावर परतताच त्याने तिच्यादेखत एक गाठ सोडली आणि कागदावर गोरिला लिहिलं. शिवाय बाईंना कळवलं की म्हातारीचं नाक गेलं, पुढच्या हंगामाला दुसरं माणूस बघावं. काम गेलं असतं तर तिने कंद खणून पोट भरलं असतं. पण ते नाक तिच्या बापाने लहानपणी रानात नेऊन घडवलेलं होतं, आणि ते गेलं असं कागदावर राहणार होतं.

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. चेहरा रागावलेला. त्या नळीत असे जंतू सापडले होते जे फक्त सेकोच्या रक्तात वाढतात, बोबोच्या रक्तात तग धरत नाहीत. काहीतरी नवलच हाती लागलं म्हणून प्रयोगशाळेत धावपळ उडाली. मग विष्ठाच तपासली, तर ती निघाली सेकोची.

"नोकाया, या नळीवर एकच गाठ आहे," बाई म्हणाल्या.

नोकायाने धागा मागून घेतला. वाळून कडक झालेल्या वेलीवरून नख फिरवत ती गाठीपासून बोटभर अंतरावर थांबली आणि धागा बाईंपुढे धरला. तिथे वेल मुडपलेली होती. ओल्या वेलीला दिलेला पीळ सुकल्यावर जात नाही. तिने कुणाचं नाव घेतलं नाही.

"ती मी सोडली," आतेबा खाली मान घालून म्हणाला. "कागदावरही मीच लिहिलं."

बाई नोकायाकडे वळल्या. मग त्यांनी विचारलं, सेको जमिनीवर का झोपली असेल?

"शेजारच्या खोडावर तिच्या चढण्याच्या खुणा होत्या. कमरेइतक्या उंचीवर संपल्या. अंगात त्राण नव्हतं तिच्या," नोकाया म्हणाली. "सांगणार होते मी. विचारलं कुणी?"

पुढच्या हंगामापासून नळीवरच्या गाठीला नोकायाखेरीज कुणी हात लावायचा नाही, असं बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. नणंदही उभी होती तिथे, ऐकत. बाईंनी तिला धाग्याची गाठ परत मारायला सांगितली, तेव्हा तिने वाळका धागा पाण्यात भिजवून आतेबाच्या हातात दिला.

"ज्यानं सोडली त्यानं बांधावी."

त्याने बांधली. नोकायाने ओढून पाहिली, तर सुटली. दुसऱ्यांदा बांधली, तीही सुटली.

"घट्ट मारा, साहेब. माझ्या बापाच्या नावाची आहे."

तिसऱ्या खेपेला गाठ बसली, तेव्हा तिने मान डोलावली.