स्तामेन्कामावशीची गाडी आणि प्रोमाया

रादिसाव हा सर्बियातल्या ऊझित्से गावचा, गाड्यांचा वायरमन. गाडी समोर आली की आधी विचारायचा, "कुठल्या गाढवाने हात लावलाय हिला?" मग त्या गाढवाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत कामाला लागायचा. स्तामेन्कामावशीच्या जुनाट लाल गाडीने त्याची ही सोयसुद्धा काढून घेतली होती. तिला त्याच्याशिवाय दुसऱ्या मिस्त्रीचा हातच लागला नव्हता. शिव्या घालायच्या तरी कुणाला?

दमट हवा आली की ही बया चढावर बंद पडायची. उन्हात उभी केली की चालू, जसं काही झालंच नाही! तपासायच्या मशीनचं एकच रडगाणं: इंजिनाचे फेरे मोजणारा क्रँक सेन्सर. त्याने सेन्सर बदलला. पुन्हा बदलला. दुसऱ्या दुकानातून आणून बदलला. पालथ्या घड्यावर पाणी.

"रविवारी नेनाद येतोय," मावशी म्हणाली. नेनाद तिचा मुलगा, बेलग्रेडला असतो. "गाडी पुन्हा बंद पडली तर भंगारात घालणार, आणि मला नेणार त्याच्या सातव्या मजल्यावर. तिथे काय कबुतरं मोजत बसू? गाडी आहे म्हणून मी डोंगरावरून चीज घेऊन बाजारात उतरते, चार माणसांशी भांडते."

"होईल गं. आधी ते दार उघड!"

इंजिन चालू होतं, धूर कोंडत होता, म्हणून त्याने गॅरेजची दोन्ही दारं उघडी टाकली होती. मावशी मागचं दार पुन्हापुन्हा लावत होती.

"प्रोमाया आहे रे, मान धरेल!"

दोन दारांमधून आरपार जाणारा वारा म्हणजे प्रोमाया. आमची माणसं बर्फात उघड्या डोक्याने हिंडतील, पण प्रोमाया म्हटलं की पाचावर धारण बसते.

"धुराने मेलो तर मान घेऊन काय करू?" रादिसाव खेकसला. मशीन त्याने बाकावर आदळलं आणि सेन्सरपासून निघालेली वायर बोटांनी चाचपत, हलवत मागे निघाला. जिथे वायरी पत्र्यातून आत गाडीत शिरतात, तिथे हात लागला आणि इंजिनाने मान टाकली.

भोकातला रबर गायब होता. त्याच्या जागी काहीतरी ओलंचिंब कोंबलेलं, आणि त्यात वायर हिरवी पडून कुजलेली.

"सापडलं! बोल, कुठल्या महामूर्खाने केलंय हे? कुठल्या अकलेच्या कांद्याने?" त्याने चिमट्याने ओढून काढलं. राखाडी लोकरीचा मफलर निघाला.

मावशीने तो हातात घेतला.

"तिहोमिरचा," ती म्हणाली. तिचा नवरा, जाऊन बरीच वर्षं झाली. "गाडीत माझ्या गुडघ्यांना वारा लागतो म्हणून मीच त्याच्यामागे कटकट करायचे. हा मी विणलेला. हरवलास म्हणून किती बोलले मी त्याला! मेल्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही."

रादिसावने पुढची शिवी गिळली. कुजलेली वायर कापली, नवी जोडली, भोकात रबर बसवला. गाडी सुरू झाली.

"आता हा परत घाल तिथे," मावशी म्हणाली.

"मावशी! याच्यामुळेच तर..." त्याने कपाळावर हात मारला. "रबर बसवलाय. वारा येणार नाही."

तिने गाडीत वाकून भोकाशी तळहात लावून पाहिला. मग मफलर पिळला आणि गुडघ्यांवर पसरून स्टिअरिंगशी बसली.

"अगं, ओला आहे तो!"

"असू दे."

गाडी चढाला लागली. शेवटच्या वळणापर्यंत रादिसाव कान देऊन उभा होता. एकदाही आचका नाही. मग पाठीला गार वारा लागला, तशी एक सणसणीत शिवी हासडून त्याने मागचं दार लावून घेतलं.